बोक्याची जखम आणि पहिला रुपया

जळगावच्या दाणा बाजारात, दालमिलांच्या गोदामांत, धुळ्याच्या गल्ल्यांमधल्या जुन्या धाब्याच्या घरांवर एक मांजर हमखास असतं. दुधाच्या वेळी ते ओट्यावर येतं, वाटी चाटून पुसून साफ करतं आणि हात पुढे केला की दोन पावलं मागे सरकतं. पुरतं पाळीव नाही, पुरतं रानटीही नाही. एके दिवशी हाच बोका गाल सुजवून किंवा शेपटीच्या बुडाशी पू वाहत असलेली जखम घेऊन येतो, आणि गल्लीत मतं मांडली जातात. कोणी म्हणतं, 'आपोआप बरं व्हई जाई.' कोणी हळद, फिनेल, क्रोसिन असं घरात जे असेल ते काढतं. आणि शहरात राहून आलेलं कोणी बजावतं, की डॉक्टरकडे न्यायची ऐपत नसेल तर या भानगडीत पडू नका. या तिन्ही मतांशी माझं भांडण आहे, कारण तिन्ही मतांपायी मांजरं मरतात.

'आपोआप बरं होतं' हा समज टिकतो, कारण बरं झालेलं मांजर डोळ्यांना दिसतं. न वाचलेलं मांजर पोत्यांच्या थप्पीमागे किंवा बंद घराच्या मोरीत मरतं आणि त्याची मोजदाद कोणी ठेवत नाही. बोक्यांच्या भांडणात सुळा खोल रुततो. कातडीवर दिसतं ते जेमतेम टाचणीएवढं भोक, पण त्यातून तोंडातले जंतू, विशेषतः पाश्चुरेला नावाचे, मांसात खोल पोचतात. कातडी वरून चटकन जुळते आणि आत पू साठत जातो. दोन ते चार दिवसांत गळू होतं. ते फुटून पू वाहिला की आपल्याला वाटतं, जखम आत्ताच झाली. खरं तर दुखणं त्याआधीच जुनं झालेलं असतं. त्यात आपल्याकडचा उन्हाळा. भुसावळ-जळगावकडे पारा ४५ अंशांच्या घरात जातो तेव्हा तापलेलं, न खाणारं, पाण्यापर्यंत न पोचणारं मांजर जखमेआधी तहानेनेच खचतं. पावसाळ्यात माश्या. माशीने उघड्या जखमेवर घातलेली अंडी एका दिवसाच्या आत फुटतात आणि अळ्या मांस पोखरू लागतात. हे निसर्गावर सोडून बघत बसणं मला क्रूर वाटतं.

'ते आमचं नाहीच' हे उत्तरही मला मान्य नाही. रोज वाटी ठेवली की त्या ओट्याभोवती मांजराचा इलाखा तयार होतो, आणि वाटीमागे दुसरे बोके येतात. म्हणजे भांडणाची जागा आपणच आखून दिलेली असते. शिवाय या प्रांताला मांजराच्या उपकाराची आठवण असायला हवी. १८९६ साली मुंबईत आलेला प्लेग पुढे खानदेश-वऱ्हाडातही पसरला. तेव्हा आपल्या शेजारच्या अमरावतीकडे काम केलेले इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले अँड्र्यू बुकॅनन यांनी मांजरं पाळल्याने प्लेग आटोक्यात राहतो अशी मांडणी केली आणि १९०८ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये तिच्यावर लिहिलं. त्यांच्या निष्कर्षावर वाद घालता येईल. पण तूर-हरभऱ्याच्या गोदामात उंदीर कोण धरतं, हा वादाचा विषय नाही.

सगळ्यात जास्त राग मला येतो तो दुसऱ्या, घरात असेल ते औषध काढणाऱ्या मताचा, कारण त्यात माया आहे आणि त्या मायेनेच जीव जातो. मांजराचं शरीर माणसाच्या शरीराची छोटी आवृत्ती नव्हे. आपलं यकृत क्रोसिनमधल्या पॅरासिटामॉलचा निचरा ज्या विकराच्या आधाराने करतं ते मांजराच्या यकृतात नगण्य असतं. ५०० मिलिग्रॅमची एक गोळी तीन-चार किलोच्या मांजराला मारायला पुरते. रक्त प्राणवायू वाहून नेईनासं होतं, हिरड्या तपकिरी-निळसर पडतात, चेहरा सुजतो. आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफेनॅकनेही मांजराची किडनी आणि पोट धोक्यात येतात. औषध एका प्राण्याला चाललं म्हणून दुसऱ्याला चालेल, या समजुतीने या देशात केवढा अनर्थ केला ते गिधाडांना विचारा. गुरांना टोचलेलं डायक्लोफेनॅक मेलेल्या गुरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेलं आणि आपली गिधाडं जवळपास संपली. २००६ साली जनावरांसाठी त्यावर बंदी आली, तोवर फार उशीर झाला होता.

जखमेवर लावायच्या वस्तूंचं तेच. मांजर अंगावर लावलेलं सगळं चाटतं, म्हणून कातडीवर लावलेलं औषध पोटातच गेलं असं धरून चालावं. फिनेल आणि पाण्यात टाकल्यावर पाणी दुधाळ करणारी डेटॉलसारखी जंतुनाशकं मांजरासाठी विषारी आहेत. अळ्या मारायला टर्पेंटाइन, कापूर, डांबरगोळीची पूड वापरायची आपल्याकडे रीत आहे. बैलाच्या खांद्यावर ती खपून जात असेल, मांजराला ती अळ्यांहून घातक ठरते. कुत्र्यांसाठी मिळणाऱ्या गोचीड-पिसवांच्या औषधांत परमेथ्रिन असेल तर मांजराला झटके येतात. स्पिरिट आणि हायड्रोजन पेरॉक्साइड जंतूंबरोबर नव्याने भरून येणारं मांसही जाळतात. फेस आला म्हणजे जखम साफ झाली, हा भ्रम आहे. हळदीबद्दल लोक हळवे असतात, म्हणून तिच्याबद्दल थोडं सविस्तर सांगतो. हळदीत जंतुरोधक गुण आहेत हे मी नाकारत नाही. पण डब्यातली हळद निर्जंतुक नसते, आणि चावल्याच्या जखमेवर तिचा थर बसला की भोक बुजतं आणि पू आत कोंडतो. अशा जखमेचं तोंड उघडं राहणं हाच अर्धा उपचार आहे. चुना, राख आणि फेव्हिक्विकचा तर विचारही करू नये. घरात उरलेल्या अँटिबायोटिकच्या अर्ध्या पट्टीचंही नाव काढू नये. कोणतं औषध, किती वजनाला किती आणि किती दिवस, हे डॉक्टरने ठरवायचं असतं. दोन दिवस देऊन थांबवलं तर जंतू मरत नाहीत, उलट औषधाला निर्ढावतात.

तिसरं मत सांगणारे बहुधा सद्हेतूने बोलतात, आणि औषधांबाबत त्यांचं बरोबरही आहे. पण 'हातच लावू नका' म्हटलं की कापसाच्या जिनिंगमध्ये रोजंदारीवर काम करणारी बाई काय ऐकते? तिला ऐकू येतं, की हे श्रीमंतांचं काम आहे. मग ती तोंड फिरवते, किंवा गुपचूप क्रोसिन देते. माझं म्हणणं वेगळं आहे. घरी करण्यासारखं बरंच आहे, ते जवळपास फुकट आहे आणि डॉक्टरच्या कामाइतकंच मोलाचं आहे. फक्त कामाची वाटणी नीट हवी. धुणं, कोंडून ठेवणं, खाऊ घालणं आणि लक्ष ठेवणं घराकडे. कापणं, टोचणं आणि औषध ठरवणं डॉक्टरकडे.

पहिलं काम कोंडून ठेवण्याचं. जखमी बोका मोकळा राहिला तर पुन्हा भांडतो, धुळीत लोळतो, आणि तिसऱ्या दिवशी दिसेलच याची खात्री नसते. एक वेळचं खाणं चुकवावं आणि मग वासाचं काही, सुकटीचा तुकडा म्हणा, पिंजऱ्यात ठेवावं. पिंजरा नसेल तर रावेर-यावलकडे केळीसाठी वापरतात तसले दोन प्लास्टिकचे क्रेट तोंडाला तोंड लावून सुतळीने आवळून बांधले तरी काम भागतं. मांजर आत गेलं की वरून जुनी गोधडी टाकावी. अंधारात ते शांत होतं. उन्हाळ्यात गोधडीऐवजी ओलसर सुती कापड घ्यावं आणि हवेला जागा ठेवावी. उघड्या हाताने धरायला जाऊ नये, मानेची कातडी पकडून शौर्य तर मुळीच गाजवू नये.

धुण्यासाठी मेडिकलमधली सलाइनची बाटली चहा-पोह्यांच्या खर्चात येते. तीही नसेल तर १ लिटर पाणी उकळून, त्यात ९ ग्रॅम मीठ, म्हणजे सपाट दीड छोटा चमचा, विरघळवून कोमट होऊ द्यावं. सुई काढलेल्या मोठ्या सिरिंजने जखमेवर धार सोडावी, निघणारं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत. पोव्हिडोन आयोडीन वापरायचं तर पाण्यात इतकं पातळ करावं की रंग फिक्या कोऱ्या चहाचा दिसेल. बाटलीतलं तसंच ओतू नये. कापूस आत खुपसू नये, पट्टी आवळू नये. गळू फुटलं नसेल तर दाबून फोडू नये. गरम पाण्यात पिळलेल्या कापडाने शेक देणं चांगलं, पण मांजर देऊ देईल तरच. पंजा उगारणाऱ्या मांजराशी झटापट करून धुण्यात त्याचंही नुकसान आणि आपलंही.

काटकसर म्हणून घरीच सगळं करू पाहणाऱ्यांचा हिशेब इथेच चुकतो. अर्धं रानटी मांजर दिवसातून दोनदा गोळी गिळणार नाही आणि रोज जखम धुऊ देणार नाही. त्यामुळे त्याच्या बाबतीत घरगुती उपचारच सर्वांत अवघड, आणि डॉक्टरची एक भेट सर्वांत सोपी. एकदाच गुंगी देऊन केस काढता येतात, गळू उघडून आतून धुता येतं, दीर्घकाळ काम करणारं इंजेक्शन देता येतं. हेच मांजर आठ दिवस मलमं लावून, अळ्या पडल्यावर नेलं तर खर्च कितीतरी पटींनी वाढतो आणि जगण्याची शक्यता तितकीच घटते. म्हणून ज्याच्या खिशात थोडेच पैसे आहेत त्याने पहिला रुपया डॉक्टरवर खर्च करावा. मलमं, पावडरी आणि स्प्रे शेवटी. जखम डोळ्याजवळ, छातीवर किंवा पोटावर असेल, पाय टेकवत नसेल, तोंड उघडून धापा टाकत असेल, हिरड्या पांढऱ्या पडल्या असतील किंवा चोवीस तास अन्नाला तोंड लावलं नसेल, तर धुण्यातही वेळ घालवू नये.

'एवढे पैसे आणायचे कुठून?' या प्रश्नाला आधी सरकारी दवाखाना हे उत्तर आहे. आपल्याकडे त्याला ढोरांचा दवाखाना म्हणतात, आणि बहुधा त्या नावामुळेच मांजर तिथे न्यायचं कोणाला सुचत नाही. तिथली फी नाममात्र असते. जिल्ह्याच्या ठिकाणी पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय असतं. गाई-म्हशींच्या रांगेत मांजराकडे बघायला सवड कमी मिळते, हे मान्य. तरी सकाळी लवकर जावं, मांजर झाकलेल्या क्रेटमध्ये न्यावं आणि जखम कधी दिसली, किती खातं, काय लावलं हे सरळ सांगावं. फिनेल लावलं असेल तर तेही लपवू नये.

या सगळ्यात माणसाचा जीव आधी. मांजर चावलं किंवा रक्त येईल असं ओरबाडलं, तर वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं जखम धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जावं. धुळ्यात हिरे वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे, जळगावात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं. रेबीजची लस सरकारी रुग्णालयात मोफत मिळते. कातडीत देण्याच्या पद्धतीत ती ०, ३, ७ आणि २८व्या दिवशी घेतात, आणि जखमेतून रक्त आलं असेल तर डॉक्टर सोबत इम्युनोग्लोब्युलिनही देतात. 'मांजर दहा दिवस बघू' हा सल्ला इथे लागू पडत नाही, कारण हे मांजर दहा दिवस दिसेल याची हमी नाही. रेबीजची लक्षणं एकदा सुरू झाली की माणूस जवळपास कधीच वाचत नाही. लाळ गाळणारं, अकारण अंगावर येणारं, गिळता न येणारं मांजर दिसलं तर दया बाजूला ठेवून दूर राहावं, मुलांना दूर ठेवावं आणि दवाखान्याला कळवावं.

ही दुखणी मुळात कमी करायची असतील तर बोक्याचं निर्बीजीकरण करून घ्यावं. ते झालेला बोका कमी भटकतो, कमी भांडतो, म्हणून चावेही कमी खातो. कुत्र्यांच्या निर्बीजीकरणासाठी केंद्राचे नियम २००१ साली झाले आणि २०२३ साली नव्याने आले, पण त्यांचा मुख्य रोख कुत्र्यांवर आहे. जळगाव आणि धुळे या दोन्ही महानगरपालिकांनी मांजरांचाही विचार करावा, अशी मागणी आपण नगरसेवकांकडे लेखी केली पाहिजे. तोवर गल्लीनेच हे काम उचलावं. गणपतीला वर्गणी निघते, भंडाऱ्याला निघते. ज्या चार घरांच्या ओट्यांवर एकच बोका दूध पितो, त्या चार घरांनी पावसाळा लागण्यापूर्वी थोडी थोडी वर्गणी काढावी आणि त्याला एकदा डॉक्टरकडे न्यावं.