मार्चअखेर, कांदा काढणी आणि शाळेच्या रजिस्टरवरची सही

मार्च लागला की जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीतल्या पालकाची तारांबळ सुरू होते. रानात कांदा काढणी चालू आणि इकडे मुख्याध्यापकांचा फोन, "अध्यक्ष, सही राहिलीय, जरा येऊन जा."

समग्र शिक्षातून शाळेला पटानुसार अनुदान मिळतं. ३० पर्यंत पट असेल तर वर्षाला १० हजार, ३१ ते १०० असेल तर २५ हजार. पैसे बऱ्याचदा उशिरा पडतात आणि ३१ मार्चच्या आत खर्ची घालायचे असतात. मग आठ दिवसांत रंग, नळदुरुस्ती, वीजबिल. त्यापाठोपाठ पहिलीच्या मुलांचा शाळापूर्व तयारी मेळावा, परीक्षा, निकाल.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे समितीत किमान ७५ टक्के पालक हवेत, निम्म्या महिला हव्यात. कागदावर सगळी नावं असतात, पळतो मात्र एकटा. महिला सदस्यांसाठी तर पुष्कळ गावांत रजिस्टरच घरी जातं. बैठकीला बोलावलंच नाही तर बाई येणार कशी?

खरं नुकसान इथंच होतं. याच कायद्याच्या कलम २२ नुसार शाळा विकास आराखडा समितीने करायचा आणि त्याच्या आधारेच सरकारने अनुदान द्यायचं. घाईत मागच्या वर्षीचाच आराखडा उतरवला की गळकं छप्पर, मुलींचं बंद स्वच्छतागृह त्यात येतच नाही. जूनमध्ये वर्गात पाणी साचलं की मग ओरड.

उन्हाळ कांद्याची लागण उरकली की जानेवारीतच आराखड्याची बैठक घेता येते. ती संध्याकाळी सातला ठेवली तर मजुरीला जाणाऱ्या आयाही येतील.