स्वस्त वाईन आणि मळ्यातला मजूर

स्वस्त वाईन म्हणजे हलकी वाईन, असे आम्ही मानत नाही. गोव्याची गोड पोर्ट रेल्वे कामगारालाही परवडते. तिच्यात बहुधा कर्नाटकातले बंगलोर ब्लू द्राक्ष असते. नाशिकला शेनिन ब्लां, सोव्हिन्यों ब्लां, शिराझ. २००१ साली महाराष्ट्र सरकारने द्राक्ष प्रक्रिया धोरण आणून अबकारी करात सूट दिली, धंदा वाढला. २०२२ साली सुलाचा शेअरही बाजारात आला. बाटलीवर द्राक्षाची जात छापतात. जानेवारी ते मार्च तोडणी करणाऱ्या हंगामी मजुराची मजुरी कुठे छापतात? सवलत घेणाऱ्या प्रत्येक वायनरीने मळ्यातले मस्टर आणि किमान वेतनाचा हिशेब दाखवलाच पाहिजे, अशी आमची मागणी आहे. बाटली दहा रुपयांनी महागली तर आमच्यातले पिणारे कुरकुरतील. कुरकुरू देत.