बारा लाख करमुक्त, मग विकलेल्या शेताचं काय?

जळगाव/धुळे : अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी १ फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर प्राप्तिकर लागणार नाही असं जाहीर केलं. गावात त्याचा अर्थ असा निघाला की आता आपला आणि इन्कम टॅक्सचा संबंध संपला. शेतीचं उत्पन्न तर आधीपासूनच माफ. पण शहराला लागून असलेलं शेत विकणाऱ्यांची यात मोठी फसगत होऊ शकते. कारण ही सूट जमीन विक्रीच्या नफ्याला लागू नाही.

खेड्यातली शेतजमीन विकली तर कर नाही, हे खरं आहे. प्रश्न इतकाच की कायद्याच्या भाषेत 'खेडं' कुठून सुरू होतं? शहराची लोकसंख्या १० हजार ते १ लाख असेल तर नगरपालिकेच्या हद्दीपासून २ किलोमीटरपर्यंतची जमीन शहरी धरतात. १ ते १० लाख असेल तर ६ किलोमीटर. हे अंतर सरळ रेषेत मोजायचं, रस्त्याने नाही. आणि एसटी स्टँडपासून नाही, हद्दीपासून.

लोकसंख्या अजून २०११ च्या जनगणनेचीच धरली जाते. त्यात जळगाव ४ लाख ६० हजार, धुळे पावणेचार लाख, भुसावळ १ लाख ८७ हजार. म्हणजे या तिन्ही शहरांभोवती ६ किलोमीटर. अमळनेर आणि चाळीसगाव एक लाखाच्या जरा आत राहिले, म्हणून तिथे २ किलोमीटर. सातबाऱ्यावर कापूस लागलेला असो की केळी, गाव ग्रामपंचायतीत असो, या पट्ट्यातलं शेत विकलं की नफ्यावर कर आला.

आता आकडा पाहू. समजा वडिलोपार्जित शेत ४० लाखाला गेलं. १ एप्रिल २००१ रोजी त्याची किंमत ४ लाख होती. नफा ३६ लाख. दर साडेबारा टक्के. (जुन्या जमिनीला महागाई धरून २० टक्क्यांचा दुसरा पर्याय आहे, पण या उदाहरणात तो महाग पडतो.) शेतीशिवाय दुसरं उत्पन्न नसेल तर पहिले ४ लाख वजा होतात. उरलेल्या ३२ लाखांवर ४ लाख आणि सेस धरून ४ लाख १६ हजार.

दुकानदाराचं दुखणं वेगळंच. कृषी सेवा केंद्रातून १० लाख नफा असेल तर एरवी कर शून्य. पण त्याच वर्षी वरचं शेत विकलं की एकूण उत्पन्न १२ लाखांच्या वर जातं आणि दुकानावरची सूटही जाते. दुकानाच्या नफ्यावर ४० हजार, जमिनीवर साडेचार लाख, वर सेस.

मग करायचं काय, आणि कधी? इथेच बहुतेकांचं चुकतं. सीएकडे जातात जुलैमध्ये, रिटर्न भरायच्या वेळी. तोवर पैसा ट्रॅक्टरमध्ये, लग्नात, जुन्या देण्यात गेलेला असतो. सौदा होतानाच विचार केला तर वाटा आहेत. विक्रीपूर्वी दोन वर्षं ती जमीन स्वतः किंवा आईवडिलांनी कसलेली असेल आणि विक्रीनंतर दोन वर्षांत दुसरी शेतजमीन घेतली, तर तेवढ्या नफ्यावर कर नाही. नवीन जमीन मात्र तीन वर्षं विकायची नाही. जमीन लगेच मिळत नसेल तर रिटर्नच्या मुदतीआधी रक्कम बँकेच्या 'कॅपिटल गेन' खात्यात टाकावी लागते. गावातल्या ग्रामीण शाखेत हे खातं उघडत नाही, शहरातल्या शाखेत जावं लागतं. तिसरी वाट आरईसी, पीएफसीसारख्या सरकारी कंपन्यांच्या बाँडची. मर्यादा ५० लाख, पाच वर्षं पैसा अडकतो, आणि मुदत विक्रीपासून फक्त सहा महिने.

एक गोष्ट घरातली. विक्रीआधी बहिणींकडून हक्कसोड लिहून घ्यायची पद्धत आपल्याकडे आहे. हक्काचा प्रश्न तर मोठा आहेच, पण करातही ते तोट्याचं ठरतं. तेच शेत चार भावंडांच्या नावावर असेल तर प्रत्येकाचा नफा ९ लाख, त्यातून ज्याचे त्याचे ४ लाख वजा. दुसरं उत्पन्न नसेल तर चौघांचा मिळून कर अडीच लाख आणि सेस. एकाच्याच नावावर असेल तर ४ लाख.

इसार रोखीत घेण्याचंही जपून. जमिनीच्या व्यवहारात २० हजार किंवा जास्त रोख घेतली तर तेवढाच दंड बसू शकतो. दोन्हीकडे फक्त शेतीचं उत्पन्न असेल आणि कर लागू नसेल तेव्हाच यातून सुटका. ३० लाख आणि त्यावरची खरेदीखतं निबंधक कार्यालयाकडून आयकर खात्याला कळतात, म्हणजे 'कोणाला कळणार' हा हिशोब आता चालत नाही.

कर निघत असेल आणि तो १० हजार किंवा जास्त असेल तर आगाऊ कराचा पुढचा हप्ता १५ डिसेंबरला आहे, शेवटचा १५ मार्चला. साठी ओलांडलेल्या, धंदा नसलेल्या शेतकऱ्याला आगाऊ कर माफ आहे, तो रिटर्नसोबत भरला तरी चालतो. बाकीच्यांनी हप्ता चुकवला तर व्याज लागतं. दिवाळीनंतर सौदा झालेल्यांनी सातबारा, खरेदीखत आणि २००१ च्या किमतीचा कागद घेऊन याच महिन्यात सीएकडे जावं.