नणंदेच्या स्कूटरवरून चंद्रपूर



मागच्या आठवड्यात आपण मोरावळ्याबद्दल बोललो. बऱ्याच जणींच्या बरण्या एव्हाना भरल्या असतील. तेव्हा आज जरा स्वयंपाकघराबाहेर पडू या. फार लांब नाही, आमच्या गोंदियाहून चंद्रपूरपर्यंत. आणि तिथलं जुनं शहर बघू या स्कूटरच्या मागच्या सीटवर बसून.

आपल्यापैकी कितीतरी जणींचं अर्धं आयुष्य स्कूटरच्या मागे बसण्यात जातं. लग्न झालं की 'ह्यां'च्या मागे, पुढे मुलगा मोठा झाला की मुलाच्या मागे. एका हातात भाजीची पिशवी, दुसऱ्या हाताने धरलेला खांदा, आणि डोळ्यांसमोर सदऱ्याची पाठ! आमचे हे गाडी चालवतात ती पोहोचण्यासाठी. "थांबा ना जरा" म्हटलं की उत्तर ठरलेलं, "येताना बघू." आणि येताना हमखास अंधार पडलेला असतो. त्यांचाही दोष नाही म्हणा. चालवणाऱ्याचं लक्ष रस्त्यावर असायला हवंच. पण त्यामुळे झालं काय, की लग्नाला तेरा वर्षं झाली, चंद्रपूरला माझ्या चार खेपा झाल्या, चारही वेळा जटपुरा दरवाज्याखालून गेले, पण मान वर करून तो दरवाजा काही मी पाहिला नाही. आणि मी शाळेत अर्धवेळ का होईना, पण इतिहास शिकवते! चांद्याच्या गोंड राजांबद्दल मुलांना सांगताना मनातून थोडी लाज वाटायची.

चंद्रपूरला आमची धाकटी नणंद असते. वयाने लहान असल्या तरी मी त्यांना ताईच म्हणते. तीन वर्षांपूर्वी आमचे जावई अचानक गेले. पदरात एक मुलगा. जावयांच्या जागी ताईंना कोळसा खाणीच्या कार्यालयात काम मिळालं, पण ते घरापासून लांब. जावयांची स्कूटर मात्र वर्षभर अंगणात ताडपत्रीखाली उभी होती. वर्षश्राद्धाला आम्ही सगळे जमलो होतो, तेव्हा ताई म्हणाल्या, "मी स्कूटर शिकते."

सासूबाई काही बोलल्या नाहीत. बोलले ते मीच. "आता कशाला ते? लोक काय म्हणतील? महिन्याची रिक्षा लावून घ्या."

ताईंनी उत्तर दिलं नाही. उठल्या आणि कपबश्या विसळायला निघून गेल्या. पुढे त्या स्कूटर शिकल्या, परवाना काढला, रोज कामावर जाऊ लागल्या. फोनवर आमचं बोलणं होत होतं, पण तो विषय कोणी काढला नाही. माझ्या मनात मात्र ते वाक्य काट्यासारखं राहिलं होतं.

यंदा जानेवारीत दोन दिवसांची सुटी मिळाली. मुलांना ह्यांच्यावर सोपवलं आणि बल्लारशाच्या गाडीत बसले. गोंदिया ते चांदा फोर्ट हे अंतर सुमारे २४० किलोमीटर. पूर्वी इथे छोटी लाईन होती, आता मोठी आहे. सौंदड, अर्जुनी, वडसा, ब्रह्मपुरी, नागभीड, मूल करत गाडी जाते. खिडकीबाहेर आधी आपली धानाची बांधं, मग जंगल. हा प्रवास मुद्दाम दिवसा करावा.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला ताईंनी स्कूटर काढली, माझ्या हातात हेल्मेट दिलं आणि म्हणाल्या, "बसा वहिनी. आज तुम्ही म्हणाल तिथे थांबू."

खरं सांगते, "तुम्ही म्हणाल तिथे थांबू" हे मला स्कूटरवर आजवर कोणी म्हटलं नव्हतं!

पण निघालो आणि माझा जीव मुठीत. समोरून ट्रक दिसला की मी ताईंचा खांदा आवळत होते, "हळू, हळू" म्हणत होते. शेवटी त्या हसून म्हणाल्या, "एवढं घट्ट कशाला धरून राहिल्या वहिनी? मी चालवून राहिली न!" तेव्हा उमगलं, की ह्यांच्या मागे मी डोळे मिटून बसते आणि ताईंच्या मागे बसून सूचना देते. दोघांनाही परवाना एकाच सरकारने दिलेला आहे!

जटपुरा दरवाज्यापाशी मी पहिल्यांदा "थांबा" म्हटलं. ताईंनी गाडी बाजूला घेतली. उंच दगडी कमान, दोन्ही अंगांना तट, आणि दगडात कोरलेला सिंह, त्याने हत्तीला दाबून धरलेलं. हे गोंड राजांचं चिन्ह. जुन्या चांद्याभोवतीच्या परकोटाची लांबी सुमारे ११ किलोमीटर. त्याला जटपुरा, बिनबा, पठाणपुरा आणि अचलेश्वर असे चार दरवाजे आणि पाच खिडक्या. खिडकी म्हणजे लहान दरवाजा. त्यांची नावं ऐका, हनुमान, विठोबा, बगड, चोर आणि मसण. मसण खिडकीतून कोण जात असेल ते सांगायला नकोच. पश्चिमेला इरई, पूर्वेला झरपट, दोन नद्यांच्या मध्ये वसवलेलं हे शहर.

आता माझी फजिती सांगते. गांधी चौकाच्या पुढे गर्दीत मी वरचे जुने सज्जे बघण्यात गुंग झाले. तेवढ्यात रस्त्याच्या कडेची एक भाजीवाली ओरडली, "ओढणी! बाई, ओढणी!" ताईंनी लगेच गाडी थांबवली. माझ्या ओढणीचं टोक मागच्या चाकापासून चार बोटांवर लोंबत होतं. आणखी थोडं पुढे गेलो असतो तर? गळ्याभोवतीची ओढणी चाकात गेली तर काय होतं ते वर्तमानपत्रांत आपण वाचतोच. ताई काही रागावल्या नाहीत. उतरल्या, ओढणी माझ्या खांद्यावरून तिरपी घेतली आणि कमरेला घट्ट गाठ मारली. म्हणाल्या, "मीही शिकताना एकदा अशीच वाचली." ते शिकणं त्यांनी एकटीने केलं होतं. आम्ही कोणी जवळ नव्हतो.

अचलेश्वर दरवाज्यापाशी अचलेश्वराचं देऊळ आणि शेजारीच गोंड राजांच्या समाध्या आहेत. शहर कसं वसलं याची दंतकथा इथलीच. खांडक्या बल्लाळशहा राजाच्या अंगावर गळवं होती, काही केल्या बरी होत नव्हती. शिकारीला गेला असता त्याने झरपटीच्या पात्रातल्या डबक्याच्या पाण्याने हातपाय धुतले. घरी आल्यावर फोड नाहीसे झाल्याचं ध्यानात आलं ते राणीच्या. तिनेच त्या पाण्याचा शोध घ्यायला लावला. पुढे एक ससा राजाच्या कुत्र्यावर उलटून धावला, तेव्हा ही जागा शूर आहे, इथेच शहर वसवा, हा सल्लाही राणीचाच. कथा खरी की खोटी ते सोडा, पण चांद्याची माणसं शहराच्या जन्माचं श्रेय एका बाईच्या शहाणपणाला देतात, ते मला आवडलं.

समाध्यांमध्ये सर्वांत मोठी आणि देखणी समाधी आहे ती बीरशहा राजाची. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला राजाचा खून झाला. राणी हिराईला पोटचा मुलगा नव्हता. तिने रामशहाला दत्तक घेतलं आणि तो जाणता होईपर्यंत राज्याचा कारभार स्वतः पाहिला. नवऱ्याची ही समाधी तिनेच बांधवली. महाकालीचं आजचं देऊळही तिचंच काम मानतात. चैत्रात तिथे मोठी यात्रा भरते, मराठवाड्यातूनही माणसं येतात.

समाधीच्या सावलीत आम्ही शिदोरी सोडली. मी नेलेल्या तिखटमिठाच्या पुऱ्या आणि ताईंनी केलेली जवसाची चटणी. खाता खाता ताई समाधीकडे बघत म्हणाल्या, "वहिनी, हिराईलाही कोणीतरी म्हटलंच असेल न, आता कशाला ते?"

माझ्या हातातला घास हातातच राहिला. त्या हसत होत्या, टोमणा नव्हता. पण मला राहवलं नाही. म्हटलं, "ताई, तेव्हा मी बोलायला नको होतं. चुकलंच माझं. मला लोकांची भीती वाटली, आणि ती मी तुमच्यावर लादली."

ताई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "आई बोलली असती तर वाईट वाटलं नसतं. तुम्ही शिकलेल्या, शाळेत शिकवता, म्हणून लागलं." आणि डबा बंद करत उठल्या. "चला, ऊन व्हायच्या आत लालपेठ करू."

तेवढंच. पण पुढच्या रस्त्यावर मी त्यांचा खांदा आवळला नाही.

लालपेठला उघड्यावर पडलेल्या अवाढव्य दगडी मूर्ती आहेत. देऊळ बांधायचं राहूनच गेलं आणि मूर्ती तशाच राहिल्या. सर्वांत मोठ्या दहा तोंडांच्या मूर्तीला लोक रावण म्हणतात, पण ती दुर्गा आहे. तिची लांबी पंचवीस फुटांच्या आसपास! बाजूला उभं राहिलं की आपण मुंगीएवढ्या वाटतो. तिथून पठाणपुरा करून शेवटी बिनबा दरवाजा. परकोट झुडपांनी आणि कचऱ्याने पार झाकून गेला होता. 'इको-प्रो' या संस्थेच्या तरुणांनी २०१७ साली सफाई सुरू केली आणि रोज सकाळी, दोनशेहून जास्त दिवस सतत ती चालवली. त्यांच्यामुळे आज तटावर पाय ठेवता येतो.

शहराचा आणखी इतिहास हवा असेल तर तोही आहे. १७५१ साली गोंडांचं राज्य जाऊन नागपूरकर भोसल्यांचं आलं. मे १८१८ मध्ये इंग्रजांनी तट फोडून शहर घेतलं. वीर बाबुराव शेडमाके यांना २१ ऑक्टोबर १८५८ रोजी इथल्याच तुरुंगात फाशी दिली. आणि १६ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरनंतर दोनच दिवसांनी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इथे धम्मदीक्षेचा सोहळा केला. ती दीक्षाभूमीही अवश्य पाहा.

आता मागे बसणाऱ्या मैत्रिणींसाठी चार कामाच्या गोष्टी. कात्रण काढून ठेवा.

१. ओढणी गळ्याभोवती मोकळी ठेवू नका. तिरपी घेऊन कमरेला गाठ मारा. साडी असेल तर पदर कमरेला घट्ट खोचा, निऱ्या आवरून बसा. वेणी लांब असेल तर अंबाडा घाला.

२. गाडीला मागे धरायला कडी, पाय ठेवायला जागा आणि चाकाचा निम्मा भाग तरी झाकणारी जाळी हवीच. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतच तसं सांगितलं आहे. दुकानदार जाळी 'जास्तीची' म्हणाला तर ऐकू नका.

३. हेल्मेट चालवणाऱ्यालाच नाही, मागे बसणारीलाही कायद्याने सक्तीचं आहे. नुसतं डोक्यावर ठेवू नका, पट्टा लावा. आतून पातळ सुती रुमाल बांधला की केस खराब होत नाहीत.

४. जमेल तर सलवार-कमीज घालून दोन्ही बाजूंना पाय टाकून बसा, तोल चांगला राहतो. वळणावर चालवणारीच्या अंगाबरोबर झुका, उलट्या बाजूला नाही. मांडीवर मोठी पिशवी घेऊ नका. छोटी पिशवी तिरपी अडकवा.

५. खुणा आधी ठरवा. आम्ही ठरवलं होतं, खांद्यावर एक थाप म्हणजे "पुढे जागा मिळेल तिथे थांबा". कानात ओरडलं की चालवणारी दचकते. चढता-उतरताना आधी सांगा आणि तापलेल्या सायलेन्सरपासून पाय जपा.

६. चंद्रपूरचं ऊन भारी कडक. डिसेंबर-जानेवारीत जा. इतर दिवसांत सकाळी सहाला निघून दहाच्या आत घरी परता. पाण्याची बाटली आणि गूळ-शेंगदाणे जवळ असू द्या.

सातवी गोष्ट कात्रणात मावणार नाही, ती मनात ठेवा. तुमच्या घरातली एखादी बाई, मग ती नणंद असो, जाऊ असो की सून, "मी शिकते" म्हणाली, तर "आता कशाला" म्हणू नका. तिच्या मागे बसा आणि "चल, घेऊन जा मला" म्हणा. तिला धीर येईल, आणि तुम्हाला शहर दिसेल.

घरी आल्यावर हे म्हणाले, "भीती नाही वाटली का?" मी म्हटलं, "वाटली. पण तुमच्या बहिणीने सांगितलं तिथे गाडी थांबवली." आता हे म्हणतात, पुढच्या वेळी मीही थांबवीन. बघू या!

तुमच्या गावात स्कूटरवरून पाहण्यासारखं काय आहे ते जरूर लिहून कळवा. पुढच्या आठवड्यात उन्हाळी वाळवणांची तयारी. तोवर नमस्कार.