बोव्हेचं अर्धं चर्च

गेल्या सेमिस्टरला आमच्या ग्रुपचं ट्रसचं मॉडेल लोडिंगच्या वेळी मोडलं. कुठे मोडलं, का मोडलं, हे पाहायच्या आत तुकडे कचऱ्यात गेले आणि जर्नलमध्ये शेजारच्या बॅचची रीडिंग्ज आली. सही मिळाली, विषय संपला. मित्रांनो, खोटं कशाला बोला, आपण सगळेच हे करतो. म्हणूनच मला पॅरिसच्या नोत्र दामपेक्षा तिथून उत्तरेला असलेल्या बोव्हे गावचं चर्च जास्त जवळचं वाटतं.

१२२५ साली तिथलं जुनं चर्च आगीत सापडलं आणि बिशपने नवं बांधायला काढलं. पूर्वेकडचा वेदीचा भाग १२७२ मध्ये पुरा झाला. दगडी कमानींचं छत जमिनीपासून ४८ मीटरवर! म्हणजे सोळा मजली बिल्डिंग, आणि मधे एकही स्लॅब नाही. गॉथिक चर्चमध्ये याहून उंच छत दुसरं नाही. भिंतींत दगड कमी, काचाच जास्त. छताचा बाहेर ढकलणारा रेटा पेलायला फ्लाइंग बट्रेसचे टेकू. हे सगळं बारा वर्षं टिकलं. २९ नोव्हेंबर १२८४ ला छत कोसळलं.

का, यावर अजून एकमत नाही. दगड चिरडला म्हणावं, तर अशा चर्चमध्ये दगडावर येणारा दाब त्याच्या ताकदीच्या मानाने फारच थोडा असतो. (प्रश्न स्ट्रेंथचा नसून स्टॅबिलिटीचा. व्हायवाला उपयोगी पडेल!) प्रिन्स्टनच्या रॉबर्ट मार्क यांनी प्लॅस्टिकच्या मॉडेलवर प्रयोग करून वाऱ्याकडे बोट दाखवलं.

मला कौतुक आहे ते पुढचं. बोव्हेकरांनी तुकडे लपवले नाहीत. दोन खांबांच्या मधे आणखी एकेक खांब घातला, अंतर निम्मं केलं आणि छत पुन्हा त्याच उंचीवर चढवलं. फोटोतसुद्धा ते जादा खांब ओळखू येतात. चूकही दिसते, दुरुस्तीही दिसते.

पण शहाणपण टिकलं म्हणावं तर तेही नाही. सोळाव्या शतकात दोन बाजूंची आडवी दालनं झाली आणि भाविकांचं मुख्य दालन बांधायचं सोडून पैसा लागला मनोऱ्यात. १५६९ मध्ये १५३ मीटरचा मनोरा उभा. तीन बाजूंना इमारतीचा आधार, चौथी, पश्चिमेची, मोकळी! तपासायला आलेल्या गवंड्यांनी मजबुती करा म्हणून सांगितलंही होतं. चर्चा लांबली. (ओळखीचं वाटतं ना?) ३० एप्रिल १५७३ ला लोक मिरवणुकीने बाहेर पडले आणि मनोरा खाली आला. मुख्य दालन आजतागायत झालेलं नाही. त्या जागी दहाव्या शतकातल्या बुटक्या चर्चचा उरलेला भाग तसाच उभा आहे.

आधुनिक म्हणून आपणही टेंभा मिरवायला नको. १९६० च्या दशकात बट्रेसमधल्या काही लोखंडी सळया बिनकामाच्या समजून काढल्या गेल्या. बट्रेस वाऱ्यात हलायला लागले, तेव्हा पोलादी सळया घालायची वेळ आली. १९९० च्या दशकात तर आत चक्क आडवे-तिरपे टेकू लावावे लागले.

तेव्हा आमच्या डिपार्टमेंटला एकच विनंती. मॉडेल मोडलं तर तुकड्यांसकट सबमिट करू द्या. हवं तर दोन मार्क कापा, पण ते का मोडलं हे जर्नलमध्ये लिहायला एक पान तरी ठेवा.