भाकीत आणि कोकणचा किनारा

काल्हेरहून कशेळीची खाडी ओलांडली की ठाण्यात १८७९ सालचे ‘शार हाशमायिम’ हे बेने इस्राएल या मराठी यहुदी समाजाचे सिनेगॉग आहे. या समाजाच्या उगमाची कथा फार मागे नेली जाते. इ.स.पू. ७२२च्या सुमारास असिरियाने उत्तरेचे इस्राएल राज्य बुडवले आणि तिथले दहा वंश इतिहासातून दिसेनासे झाले. ते यहुदाच्या वंशाशी पुन्हा एक होतील, असे भाकीत यहेज्केल संदेष्ट्याने केले. अलिबागजवळ नवगावला फुटलेल्या गलबतातून वाचलेले सात पुरुष आणि सात स्त्रिया हे बेने इस्राएलांचे पूर्वज, असे परंपरा सांगते. ते त्या दहा वंशांपैकी होते, असे काही जण मानतात. त्याचा ठोस पुरावा नाही. मात्र शनिवारी, शब्बाथच्या दिवशी, तेलाचा घाणा बंद ठेवणारे या समाजातले तेली आणि पोहे-नारळाचा मलिदा मांडून एलियाहू संदेष्ट्याला स्मरणारी त्यांची मराठी घरे हा आपला इतिहास आहे.

१९४८नंतर बहुतेक जण इस्राएलला गेले. तिथे पूर्ण यहुदी म्हणून मान्यता मिळायला १९६४ साल उजाडले.

वंशाचा वाद अभ्यासकांनी जरूर घालावा. पण शतकानुशतके शब्बाथ पाळणाऱ्या समाजाला आपल्या निष्ठेचा दाखला कुणाकडे मागावा लागू नये, अशी आमची ठाम भूमिका आहे. त्यांच्या आठवणी, पाककृती आणि मराठी कीर्तने आजच नोंदवायला हवीत. हा अंक त्यासाठीच.