भरती नसली तरी धावू द्या

रविवारी पुण्यात फजरनंतर कुणी वीस किलोमीटर धावला, तर लोक कौतुक करतात. लिंबागणेशच्या रस्त्यावर मुलगी धावताना दिसली की पहिला प्रश्न, ‘भरतीची तयारी का?’ म्हणजे पोलीस भरतीच्या ८०० मीटरपुरतीच तिला मोकळीक. पुढचा रस्ता पोरांचा!

आपल्याच जिल्ह्यातल्या, आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेने २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत स्टीपलचेसचे रौप्य जिंकले, तेव्हा सगळ्यांनी स्टेटस ठेवले. घरातल्या पोरीला बूट किती जणांनी घेऊन दिले?

‘आपल्यात चालत नाही’ म्हणणाऱ्यांनी अबू दाऊद उघडावे. प्रवासात पैगंबर (स.) आणि हजरत आयेशा यांची धावण्याची शर्यत झाली, पहिल्यांदा आयेशा जिंकल्या. एकटी कशी सोडायची, म्हणता? मग उठा की अब्बा, तुम्हीच जा सोबत.